वाचक पान का मिटतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



रेडिओवर बोलणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. त्याच्या बोलण्याभोवती कुणी वेलबुट्टीची चौकट काढत नाही, मागे गुलाबाचं फूल छापत नाही, की अर्धं वाक्य तोडून 'उर्वरित मजकूर पान ८४ वर' असंही सांगत नाही. थांबायचं तिथे मी थांबतो, दम घ्यायचा तिथे घेतो. एक गोष्ट संपली, दुसरी सुरू झाली, हे तेवढ्यानं तुमच्या लक्षात येतं. कागदावर मात्र मी हजर नसतो. तिथे माझं थांबणं, माझा दम, माझ्या आवाजाचा चढउतार, हे सगळं पानाच्या मांडणीला करावं लागतं. ती मांडणी फसली की वाचक निघून जातो. भांडत नाही, संपादकाला पत्र लिहीत नाही. पान मिटतो आणि चहा प्यायला उठतो.

अशा मुकाट्यानं उठून गेलेल्या वाचकाविषयी मला आज बोलायचं आहे. आपल्यापैकी अनेकांना वाटतं की मजकूर चांगला असला म्हणजे झालं, वाचणारा कसाही वाचेल. मलाही तसं वाटायचं.

कवी म्हणून तुमच्यापैकी काहींना मी ठाऊक असेन, पण माझं पोट कवितेवर कधी भरलं नाही. ते अक्षरांवर भरलं. १९८९ साली मराठी विषय घेऊन बी.ए. झालो. मुसलमानाच्या पोरानं मराठी घेऊन काय करायचं, असं अब्बांना विचारणारे मोहल्ल्यात पुष्कळ होते, आणि दीड वर्ष नोकरी मिळाली नाही तेव्हा त्यांचं म्हणणं खरंही ठरलं. मग जळगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, कधीमधी एखादं पुस्तक.

इंग्रजीला सव्वीस अक्षरं. आपल्या देवनागरीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काने, मात्रे, रफार धरून काही शे खिळे लागतात. ती सगळी खणांची मांडणी पाठ होईपर्यंत माझे सहा महिने गेले. आमच्या फोरमनला सगळे मास्तर म्हणत. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण पान त्यांच्याइतकं कळणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. कच्चं प्रूफ निघालं की मास्तर ते हातभर लांब धरत, डोळे अर्धे मिटत आणि आम्हाला सांगत, "वाचू नको, बघ. काळं किती आहे, पांढरं किती आहे?" काळ्याला शाई लागते आणि पांढऱ्याला अक्कल लागते, असं ते म्हणत.

त्या पांढऱ्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात. देवनागरी ओळ ही तीन मजली इमारत आहे. मधल्या मजल्यावर अक्षर राहतं. वर वेलांट्या, मात्रे, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. दोन ओळी फार जवळ आल्या की वरच्या ओळीतल्या 'पू'चा उकार खालच्या ओळीतल्या 'र्मी'च्या डोक्यावर बसतो. वाचणाऱ्याला हे कळत नाही, त्याला फक्त डोळे दुखल्यासारखं वाटतं. म्हणून दोन ओळींमध्ये शिशाची पातळ पट्टी घालायची. तिला आम्ही नुसतं 'लेड' म्हणत असू. आणि नेमकी हीच पट्टी शेटजींच्या डोळ्यांत खुपायची.

त्याचं कारण फर्मा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात छापलं जातं. चार फर्मे म्हणजे चौसष्ट पानं. मजकूर सदुसष्ट पानांचा झाला तर तीन पानांसाठी पाचवा फर्मा लावायचा, कागद वाढायचा, बांधणीचा खर्च वाढायचा. मग हुकूम यायचा, "लेड काढा, चौसष्टात बसवा." तीन पानं वाचायची आणि चौसष्ट पानं वाचण्यासारखी राहायची नाहीत. कवितासंग्रहांच्या नशिबी हे फार येई. कवितेतली मोकळी जागा म्हणजे वाया गेलेला कागद, असं हिशेब ठेवणाऱ्याला वाटणं साहजिक आहे.

कॉलेजात आम्हाला शिकवणारे एक सर होते, मूळचे धुळ्याचे. निवृत्त झाल्यावर धुळ्यालाच राहायला गेले. छापखान्यात लागल्यावर एकदा त्यांना भेटायला गेलो, तर म्हणाले, "अक्षरांचं काम करतोस ना? चल, तुला अक्षरं दाखवतो." आणि समर्थ वाग्देवता मंदिरात घेऊन गेले. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव हिंडून जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडं आणि पोथ्या तिथे आहेत. तिथून राजवाडे संशोधन मंडळात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले, त्यांच्या नावानं उभी राहिलेली ही संस्था. कागदपत्रांचे ढीग बघून मी गांगरलो होतो. सर मात्र एका पोथीच्या पानावर बोट ठेवून (म्हणजे बोट पानाच्या वर, हवेत धरून) म्हणाले, "समास बघ."

जुन्या पोथ्यांत शब्द सुटे लिहीत नसत. ओळ सलग चालते. मी विचारलं, मग वाचायचे कसे? सर म्हणाले, "वाचणाऱ्याला अर्धंअधिक पाठ असायचं, आणि तो मोठ्यानं वाचायचा. घाई नव्हती. तरीसुद्धा लिहिणाऱ्यानं दोन्ही बाजूंना केवढा समास सोडलाय बघ. पान धरायला अंगठा लागतो ना, तो अक्षरावर पडू नये. आणि चुकलं तर दुरुस्ती लिहायला जागा हवी. ओवी संपते तिथे तांबडी शाई. अंधारात समई लावून वाचणाऱ्याला दम कुठे घ्यायचा ते कळावं म्हणून." कागद तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी महाग होता, हे मला परतीच्या गाडीत सुचलं.

पुढे छपाई आली. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. लहानपणी खिळे घासण्याच्या कामापासून सुरुवात केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्याच्या देखण्या टायपाचं नाव देशभर झालं. ही माणसं अक्षर घडवताना वाचणाऱ्याचा डोळा समोर ठेवत होती. हा इतिहास मोठा आहे, तो कुणीतरी जाणकारानं सांगावा. मी आमच्या गल्लीकडे परत येतो.

१९९५ च्या सुमारास आमच्या छापखान्यात संगणक आला. पेजमेकर आणि श्रीलिपी. खिळ्यांचे खण भंगारात गेले आणि मी खुर्चीवर बसलो. ज्या छापखान्यात चार वळणांचे टायप होते तिथे एका रात्रीत पन्नास आले. जाड, बारीक, तिरपे, पोकळ, सावलीचे, नाचणारे. हलवायाच्या दुकानात लहान मुलाला एकट्याला सोडावं तशी आमची गत झाली. एका पानावर सहा-सहा फॉन्ट मी स्वतः वापरले आहेत. गिऱ्हाईक खूष व्हायचं. वाचकाला विचारतो कोण?

पहिलं पाप म्हणजे मजकुरामागचं चित्र. आपल्याकडे दिवाळी अंकांची थोर परंपरा आहे. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. आता गावोगाव अंक निघतात, आणि कवितांचं पान आलं की संपादकाला वाटतं, हे पान कोरडं दिसतंय, मागे काहीतरी टाका. मग फिकट पणती टाकायची. पडद्यावर ती फिकटच दिसते, पण छपाईत शाई चढते आणि पणती पेटते. मी लावलेल्या एका पानावर ज्योतीच्या जागी आलेले तीन शब्द आजतागायत कुणाला वाचता आलेले नाहीत. कवीनं मला विचारलं तेव्हा मी छपाईवाल्याकडे बोट दाखवलं. तसंच काळ्यावर पांढऱ्या अक्षरांचं. मथळ्यापुरतं ठीक. पण सबंध लेख तसा छापला की शाई पसरून अक्षरांच्या बारीक रेषा बुजतात, वेलांटीची नुसती खूण उरते.

दुसरं पाप, दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट. आपली भाषा विभक्तीची, शब्द लांब होत जातात. 'महानगरपालिकेकडूनसुद्धा' हा एकच शब्द आहे. अरुंद रकान्यात असे दोन शब्द आले की यंत्र ओळ ताणतं. मग दोन शब्दांत बैलगाडी जाईल एवढं अंतर पडतं. काही जण त्यावर उपाय म्हणून अक्षरंच सुटी करतात. इंग्रजीत हे एक वेळ खपतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते, आणि शिरोरेषा तुटली की शब्द शब्द राहत नाही. 'ज ळ गा व' असं वाचताना लहान मूल पाटीवर बोट ठेवून वाचतं तसं वाचावं लागतं. उजवी कड थोडी वेडीवाकडी राहिली तर आभाळ कोसळत नाही.

लग्नपत्रिकेविषयी तर मी एक ग्रंथ लिहू शकतो. पत्रिका कशासाठी? कुणाचं लग्न, कुठे, कधी, हे कळण्यासाठी. पण गिऱ्हाईक बसतं ते नावांची यादी घेऊन. काका, मामा, भाऊबंद, प्रेषक, व्यवस्थापक, गावचे माजी सरपंच, आजी सरपंच. एखादं नाव राहिलं तर जन्माचं वैर. आमच्याकडच्या दावतनाम्यातही 'चश्मबराह' लिहून खाली तेवढीच नावं, त्यामुळे या बाबतीत दोन्ही समाजांत पूर्ण ऐक्य आहे. नावं बसवता बसवता मंगल कार्यालयाचा पत्ता उरलेल्या कोपऱ्यात, आठ पॉइंटात, तोही लाल कागदावर सोनेरी शाईनं. अशी एक पत्रिका वाचून पाहुण्यांची एक जीप भलत्याच कार्यालयात जाऊन जेवून आली. जेवण चांगलं होतं म्हणे.

आता याच्या उलट एक पान सांगतो. जळगावच्या बसस्थानकावर पूर्वी गाडीच्या कपाळावर रंगवलेली पाटी असायची. पिवळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर लाल, ठसठशीत 'धुळे'. खाली लहान अक्षरांत 'एरंडोल, पारोळा मार्गे'. बस. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर घेतलेल्या बाईला लांबूनच कळायचं की ही आपली गाडी, आणि ती धावायला लागायची. पेंटर कुठल्या कलाशाळेत गेला नव्हता, पण वाचणारा घाईत आहे, त्याचे हात मोकळे नाहीत, त्याची नजर अधू असू शकते, हे त्याला ठाऊक होतं. नंतर दिव्यांच्या सरकत्या पाट्या आल्या. अक्षरं डावीकडे पळत जातात. 'धु' दिसतो तोवर वाचणारा पुढे उभा असलेल्या माणसाला विचारतो, आणि 'ळे' येईपर्यंत गाडी फलाटावरून निघते.

हे सगळं क्षुल्लक वाटेल, पण आपल्या भाषेतल्या मोठ्या माणसांनी यात आयुष्य घातलं आहे. र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार. संगणकावर वर्षानुवर्षं आपण जो 'मंगल' फॉन्ट वापरत आलो, तो त्यांच्या हातचा. कमल शेडग्यांनी नाटकांच्या नावांना असं वळण दिलं की जाहिरातीवरून नाटकाचा स्वभाव कळावा. जोशी २००८ मध्ये गेले, शेडगे २०२० मध्ये. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. ती तशीच राहावीत म्हणून महाराष्ट्र शासनानं २००९ साली निर्णय काढला. तरी अनेक फॉन्टांत हिंदी वळणच येतं. त्यानं वाचक पळून जात नाही हे कबूल, पण घरात पाहुण्याचे कपडे घालून बसल्यासारखं मला होतं.

आता वाचन हातातल्या फोनवर गेलं आहे. चुका त्याच. दोन रकान्यांचं पान तळहाताएवढ्या पडद्यावर, वरून खाली आणि परत वर. सूर्योदयाच्या चित्रावर पिवळ्या अक्षरांतली कविता. सकाळी सकाळी मला अशा दहा तरी येतात. मी 'छान' म्हणून कळवतो. वाचलेली एकही नसते.

श्रोतेहो, इथवर मी इतरांच्या चुका सांगितल्या. आता माझी सांगतो.

१९९८ साली मी माझा पहिला कवितासंग्रह काढला. पैसे माझेच, पानंही मीच लावली. मास्तर तेव्हा काम सोडून गावी गेले होते, नाहीतर त्यांनी प्रूफ हातभर लांब धरलं असतं. जे दुसऱ्याला करू नका म्हणून सांगत होतो ते सगळं मी केलं. सुरुवातीला मान्यवरांची अकरा पानांची प्रस्तावना, मग माझं मनोगत, मग ऋणनिर्देशाची पावणेदोन पानं. कवितांपर्यंत पोचेतो वाचक दमलेला. प्रत्येक पानाला कोपऱ्यात वेलबुट्टी. आणि एवढं करून मजकूर झाला एकाहत्तर पानं. पाचव्या फर्म्याचे पैसे नव्हते. शेटजी शिरले माझ्या अंगात. ओळींमधलं अंतर कमी केलं, आणि एका पानावर एक कविता हा विचार सोडून कविता एकीखाली एक सलग लावल्या. मथळे कवितेच्याच अक्षरात, फक्त जरा तिरपे.

पुस्तक घेऊन आधी अब्बांकडे गेलो. त्यांचं शिक्षण उर्दू शाळेतलं, मराठी बोलायचे पण वाचायचे कमी. उर्दू किताबांत कातिबानं शेराच्या दोन मिसऱ्यांना समोरासमोर बसवलेलं, मधे ऐसपैस जागा, हे त्यांच्या डोळ्याला सवयीचं. त्यांनी चार-सहा पानं उलटून नुसतीच पाहिली आणि म्हणाले, "बेटा, ये शायरी है या किराने की फेहरिस्त?" मला राग आला. त्यांना मराठी कळत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

पाचशे प्रती होत्या. ज्यांना भेट दिल्या त्यांनी 'सवड काढून वाचतो' म्हणून सांगितलं. खूप दिवसांनी एका जवळच्या मित्रानं खरं सांगितलं, "अरे, डोळाच टिकत नाही रे पानावर." बाकीचे गठ्ठे पलंगाखाली गेले.

एक माणूस मात्र वाचणारा निघाला, धुळ्याचे सर. त्यांचं पत्र आलं, चांगलं चार पानी. त्यात एका कवितेचं कौतुक होतं. कोरड्या विहिरीवर बादली सोडणाऱ्या बाईची कविता. रिकामी बादली वर येते, आणि तिथून कवी एकदम रात्री बसस्थानकावर बसलेल्या हमालापाशी येतो, त्याच्या रिकाम्या हातांपाशी. "हा सांधा तुला कसा सुचला?" असं सरांनी विचारलं होतं.

मला तो सुचलाच नव्हता. त्या दोन वेगळ्या कविता होत्या. विहिरीची कविता डाव्या पानाच्या तळाशी संपत होती, आणि उजव्या पानाच्या माथ्यावर 'रात्रीची शेवटची गाडी' हा पुढच्या कवितेचा मथळा होता. जागा न सोडता, त्याच अक्षरात, तिरपा. सरांनी तो कवितेची ओळ म्हणून वाचला होता.

खुलासा करायला म्हणून मी धुळ्याला गेलो. सरांना मोतीबिंदू झाला होता, शस्त्रक्रिया व्हायची होती. भिंग घेऊन, पान खिडकीशी धरून त्यांनी माझा सबंध संग्रह वाचला होता. किती दिवस लागले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी बसलो तर म्हणाले, ऐक. आणि ती कविता त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली, विहिरीपासून हमालापर्यंत. मधे बादली वर आल्यावर ते थांबले. मग मथळ्याची ओळ हळूच, जवळजवळ पुटपुटल्यासारखी म्हटली. त्यांच्या आवाजात ती एकच कविता होती. काकूंनी चहा आणला. मी काहीच बोललो नाही. २००१ मध्ये सर गेले.

तोच संग्रह आता पुन्हा छापायचा आहे. प्रस्तावना काढली, वेलबुट्टी काढली, ऋणनिर्देश चार ओळींत आणला. पाच फर्मे धरले आहेत. प्रत्येक कविता नव्या पानावर, ओळींत हवा, मथळा ठळक आणि खाली मोकळी जागा. सगळं मास्तर सांगायचे तसं. फक्त विहीर आणि हमाल अजून पडद्यावर तसेच आहेत. मधला मथळा एकदा ठळक करून पाहतो, जागा सोडतो, मग पुन्हा लहान करतो. शुक्रवारी फाइल छापखान्यात द्यायची आहे.